नव्वदच्या दशकातले कंट्री गायक : आधी क्रमवारी लावा, मग भांडू

डॅलसकर (धागाकर्ता)

'काम करताना काय ऐकता' या धाग्यावर अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा विषय निघाला आणि मूळ धाग्याची पार वाट लागली. संपादकांनी वेगळा धागा काढायला सांगितलं, म्हणून हा प्रपंच.

नियम दोनच. १९८९ ते १९९९ या काळात जे आलं तेवढंच मोजायचं. ८९ पासून का, तर गार्थ ब्रूक्स, क्लिंट ब्लॅक, अ‍ॅलन जॅक्सन आणि ट्रॅव्हिस ट्रिट हे चौघेही त्याच वर्षी पुढे आले. '८९ची तुकडी' म्हणूनच त्यांना ओळखतात. दुसरा नियम, नुसतं 'मला आवडतो' चालणार नाही. का आवडतो ते लिहा.

माझी यादी वरून खाली: अ‍ॅलन जॅक्सन, गार्थ ब्रूक्स, पॅटी लव्हलेस, व्हिन्स गिल, जॉर्ज स्ट्रेट. त्याखाली ड्वाइट योकम, ब्रूक्स अँड डन, ट्रिशा यरवुड, ट्रॅव्हिस ट्रिट, आणि दहावा क्लिंट ब्लॅक, तोही बराचसा पहिल्या अल्बमच्या पुण्याईवर. 'किलिन टाइम'मधली पहिली चार गाणी ओळीने एक नंबरवर गेली. पुढचे अल्बमही चालले, पण ती धार परत आली नाही.

जॅक्सन पहिला, कारण तो आपली बरीचशी गाणी स्वतः लिहायचा आणि आवाजात काही म्हणता काही नाटक नाही. जॉर्जियातल्या न्यूनन गावचा पोरगा, कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलला येऊन एका टीव्ही वाहिनीच्या टपाल खात्यात पत्रं वाटायचा. 'चॅटहूची' हे त्याचं गाणं ऐकायला नदीकाठच्या उनाडक्यांचं आहे, पण दोन कडव्यांत एक अख्खं वय सांगून जातं. स्ट्रेट पाचवा, कारण त्याचा पाया ऐंशीच्या दशकातला आहे आणि नियम म्हणजे नियम.

खमंग

कोपऱ्यातली खुर्ची पकडली आहे. पेडलस्टील काका आले की उठवा.

स्टिलवॉटरी

गार्थ दुसरा?? डॅलसकर, तुम्ही टेक्ससचे आहात म्हणून ओक्लाहोमावर राग आहे असं समजतो.

मी ९३ साली ओक्लाहोमा स्टेटला एमएस करायला गेलो. गार्थ तिथलाच. जाहिरात विषयात पदवी, विद्यापीठाच्या संघात भालाफेक, आणि रात्री गावातल्या बारमध्ये गाणं. आम्ही पोचलो तोवर तो देशभर गाजला होता. गावात जो भेटेल तो 'मी त्याला तेव्हाच ऐकलं होतं' म्हणायचा. खरं धरलं तर त्या बारमध्ये निम्मं ओक्लाहोमा मावलं असणार.

पण मुद्दा जिव्हाळ्याचा नाही, हिशेबाचा आहे. मे १९९१पर्यंत बिलबोर्ड मासिकाची अल्बमची यादी बनायची ती दुकानांना फोन करून. काउंटरवरच्या पोराला विचारायचं, काय खपतंय? तो स्वतः रॉकवेडा असला तर काय सांगणार? मग साउंडस्कॅन आलं, बारकोडवरून खरा खप मोजायला लागले, आणि कंट्री एवढं विकलं जातंय हे न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसवाल्यांना पहिल्यांदा कळलं. त्याच सप्टेंबरात 'रोपिन द विंड' आला आणि सरसकट संगीताच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. कंट्रीचा एकही अल्बम त्याआधी असा पहिल्याच आठवड्यात माथ्यावर गेला नव्हता.

बाकीच्यांना पुढची दहा वर्षं जे मोठे करार मिळाले, मोठी सभागृहं मिळाली, ती त्याने उघडलेल्या दारातून. जॅक्सनलाही. दार उघडणारा दुसरा कसा?

पेडलस्टील

आलो.

गार्थने दार उघडलं हे खरं. त्या दारातून काय काय आत शिरलं तेही बघा. ९३ साली टेक्सस स्टेडियमवर हा माणूस तारांना लटकून प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडाला. उडणं हे गाणं नव्हे. दशक संपताना क्रिस गेन्स नावाचा काल्पनिक रॉकस्टार बनून विग घालून आला. हे सगळं करणाऱ्याला तुम्ही कंट्रीचा बादशहा म्हणता?

स्ट्रेटने काय केलं? उभा राहिला आणि गायला. हॅट, इस्त्रीची जीन्स, गिटार, संपलं. बिलबोर्डच्या कंट्री यादीत ४४ एक नंबर. सगळ्या याद्या धरल्या तर ६०. ९२ साली सिनेमात काम केलं, त्याची गाणीही चालली. ९५ साली चार सीड्यांचा संच काढला, तोही लोकांनी लाखांनी घेतला. जून २०२४मध्ये टेक्ससमधल्या कॉलेज स्टेशनला काइल फील्डवर त्याच्या कार्यक्रमाला १,१०,९०५ माणसं होती. अमेरिकेत तिकीट लावून झालेल्या एका कार्यक्रमाचा तो तेव्हाचा विक्रम होता, २०२५पर्यंत टिकला. मी गेलो होतो. कुणीही उडालं नाही.

आणि डॅलसकर, 'ऐंशीच्या दशकातला' म्हणून खाली ढकलणं हा निव्वळ वकिली कावा आहे.

डॅलसकर

काका, कावा नाही. त्या ९५च्या संचात ७२ गाणी होती, त्यांतली नवी दोन. बाकी जुना माल. तुम्ही ज्याच्या नावाने शपथ घेता ते 'अमॅरिलो बाय मॉर्निंग' तर ८२-८३चं. स्ट्रेट थोर आहेच. 'सर्वकाळ श्रेष्ठ' असा धागा काढा, मी स्वतः त्याला पहिला लावतो. इथे दशकाचा प्रश्न आहे.

पेडलस्टील

'अमॅरिलो बाय मॉर्निंग' एक नंबरवर गेलंच नव्हतं, माहीत आहे का? चौथ्यावर अडलं. आज टेक्ससमधल्या कुठल्याही रोडिओत उभे राहा आणि त्या वर्षीची एक नंबरची गाणी किती जणांना येतात ते विचारा. हे स्टिलवॉटरी यांच्या हिशेबासाठी सांगतोय.

सुरमई

दहांत दोन बायका. त्या काळच्या रेडिओपेक्षा बरं म्हणायचं.

हे टोमणा म्हणून लिहीत नाही. कंट्री रेडिओवर एक अलिखित नियम होता की दोन गायिकांची गाणी लागोपाठ लावायची नाहीत, श्रोते स्टेशन बदलतात म्हणे. पुरुषांची मात्र पाच सलग चालायची. अशा यंत्रणेने ठरवलेले क्रमांक घेऊन तुम्ही गणितं मांडताय.

उदाहरण देते. मार्टिना मॅकब्राइडचं 'इंडिपेंडन्स डे', १९९४. ग्रेचेन पीटर्सने लिहिलेलं. नवऱ्याचा मार खाणारी बाई, गावाला सगळं ठाऊक, कुणी बोलत नाही, आणि चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ती घर पेटवून देते. सांगतेय तिची मुलगी. अनेक स्टेशनांनी लावायला नकार दिला. बाराव्या क्रमांकावर थांबलं. पुढच्या वर्षी सीएमएने, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनने, त्यालाच वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं. गंमत म्हणजे त्याचं धृपद पुढे एका रेडिओवरच्या राजकीय कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत झालं, देशभक्तीपर म्हणून! कडवी कुणी ऐकली होती का कोण जाणे.

ही मार्टिना त्याआधी गार्थच्या दौऱ्यात टीशर्ट विकायची. माझ्या यादीत ती चौथी. पहिली रीबा मॅकएन्टायर. दुसरी पॅटी, तिसरी ट्रिशा. पुरुष पाचव्यापासून सुरू होतील.

खमंग

पाचव्यापासून :) काका, पाणी प्या.

स्टिलवॉटरी

सुरमईताई, गार्थच्या बाजूने एक सांगतो. त्याचं 'द थंडर रोल्स' ९१चं. त्याच्या व्हिडिओत बायकोला मारणारा नवरा गार्थने स्वतः रंगवला. टीएनएन आणि सीएमटी, दोन्ही कंट्री वाहिन्यांनी तो दाखवायचं बंद केलं. त्याने बदलून दिला नाही. पुढच्या वर्षी 'वुई शॅल बी फ्री' काढलं, कुणी कुणावर प्रेम करावं याचं स्वातंत्र्य मागणारी ओळ त्यात आहे, आणि हे ९२ साल. तेही बाराव्यावरच अडलं. गार्थ ब्रूक्सचं गाणं, ऐन भरातलं, बाराव्यावर! म्हणजे तो आकडा फक्त बायकांच्या नशिबी नव्हता.

सुरमई

बरोबर. पण त्याचं बाराव्यावर गेलं ते नवल वाटलं, हिचं गेलं ते कुणाला कळलंही नाही. सीएमएचा 'एन्टरटेनर ऑफ द इयर' बघा. ९० स्ट्रेट, ९१-९२ गार्थ, ९३-९४ व्हिन्स गिल, ९५ जॅक्सन, ९६ ब्रूक्स अँड डन, ९७-९८ परत गार्थ. रीबाला मिळाला होता १९८६ला. त्यानंतर बाईच्या हाती तो आला थेट ९९ साली, शनाया ट्वेनला. मध्ये १३ वर्षं.

आणि रीबा का पहिली, तेही सांगून टाकते. मार्च १९९१मध्ये सॅन दिएगोजवळ विमान कोसळून तिच्या वाद्यवृंदातले सात जण आणि दौऱ्याचा व्यवस्थापक गेले. त्याच वर्षी तिने 'फॉर माय ब्रोकन हार्ट' काढला. सगळा अल्बम दुःखाचा, आणि कुठेही गळा काढलेला नाही. विरहगीत गाताना आवाजात पाणी किती आणायचं हे तिला जेवढं कळतं तेवढं त्या दशकात कुणाला कळलं नाही. असहमत असाल तर आधी ऐकून या.

मडगांवकार

आमच्या गोंयात हा वाद घालायचा असेल तर आधी जिम रीव्हजला नमस्कार करून सुरू करतात. आजी-आजोबांच्या पिढीत ख्रिस्ती घराघरांत त्याच्या तबकड्या. त्यामुळे कंट्री आम्हाला परकं कधीच नव्हतं, नव्वदचं असो की साठचं.

पण एक विचारतो. लग्नात रिसेप्शनला बँडने बिली रे सायरस वाजवला की नव्वदीतल्या आजीपासून बारक्या पोरांपर्यंत सगळे रांगेत उभे राहून नाचतात. तुमच्या कुणाच्याच यादीत तो नाही? हें कितें?

पेडलस्टील

बाबा रे, तो यादीत नसणं ही यादीची अब्रू आहे.

डॅलसकर

काका, एवढं नको. सायरसचा 'सम गेव्ह ऑल' हा अल्बम ९२ साली सलग १७ आठवडे एक नंबरवर होता, कंट्रीच्या यादीत नव्हे, सगळ्या संगीताच्या. ट्रॅव्हिस ट्रिट तेव्हा जाहीरपणे त्याच्यावर घसरला होता आणि त्यावरून दोन्हीकडच्या चाहत्यांत जुंपली होती. मला ट्रिट आवडतो, सगळे हॅटवाले असताना तो केस मोकळे सोडून फिरायचा म्हणूनही आवडतो. पण लोकांना रांगेत उभं करून नाचवणं ही कला आहेच. ब्रूक्स अँड डनचं 'बूट स्कूटिन बूगी' त्याच वर्षीचं, आणि त्यांना आपण सगळे यादीत घेतो. फरक एवढाच की ब्रूक्स अँड डनकडे 'निऑन मून' पण आहे. एकट्या माणसाने बारमध्ये बसून ऐकायचं गाणं. सायरसकडे तसं दुसरं काही नाही.

मडगांवकार

हे पटलं. 'निऑन मून' आमच्याकडे लग्न उलगल्यावर, बँड आवरताना वाजतं.

एमटीव्हीची_पिढी

मी पुण्यात वाढलो, कंट्री-बिंट्री काही ठाऊक नव्हतं. ९८-९९ला टीव्हीवर शनाया ट्वेन लागायची. 'यू आर स्टिल द वन' कॉलेजच्या प्रत्येक गॅदरिंगला कुणीतरी गायचंच. ती कंट्री गायिका आहे हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं. 'कम ऑन ओव्हर' एकट्या अमेरिकेत २० पट प्लॅटिनम, म्हणजे दोन कोटींवर. जगात सगळ्यात जास्त खपलेला कंट्री अल्बम. यावर वाद घालण्यासारखं काय आहे? तीच पहिली.

पेडलस्टील

तुम्ही पुण्यात जे ऐकलंत ते कंट्री नव्हतंच, त्यामुळे कळलं नाही यात तुमचा दोष नाही. त्या अल्बमच्या वेगळ्या आवृत्त्या काढल्या होत्या. अमेरिकेतल्या कंट्री श्रोत्यांसाठी फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि स्टील गिटार असलेली, आणि बाहेरच्या देशांसाठी ती दोन्ही वाद्यं पुसून पॉपची केलेली. शेंगदाण्याचा कूट काढून साबुदाण्याची खिचडी वाढायची आणि वर म्हणायचं, बघा जगाला किती आवडली.

निर्माता कोण? मट लँग. एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' करणारा, डेफ लेपर्डचा 'हिस्टीरिया' करणारा, म्हणजे रॉकवाला. ९५चा 'द वुमन इन मी' एवढा खपला, पण बाईंनी त्यासाठी दौरासुद्धा केला नाही. लोक म्हणायचे, हिला स्टुडिओबाहेर गाता येतं का तरी!

सुरमई

आणि ९८ला दौऱ्यावर निघाल्यावर त्या लोकांची तोंडं बंद झाली. ते का गाळलंत?

शनाया कॅनडातल्या टिमिन्सची, खाणकामगारांच्या गावची. आईवडील अपघातात गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळत रिसॉर्टमध्ये गायची. कंट्रीचं 'खरेपण' गरिबीवरून मोजायचं असेल तर ती जाहिरातीची पदवी घेतलेल्या गार्थच्या चार पावलं पुढे आहे. पण ते मोजमाप तुम्ही पुरुषांपुरतंच वापरता.

संपादक मंडळ

सर्व सदस्यांना विनंती, चर्चा गायकांवर ठेवावी, सदस्यांवर नको. साबुदाण्याच्या खिचडीवरचे सहा प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत.

तानपुरा

उशिरा आलो, पण सगळं वाचून काढलं. कुणीच न काढलेला एक विषय आहे: वाजवणारे.

नॅशव्हिलची पद्धत अशी की गायकाचा दौऱ्यावरचा वाद्यवृंद वेगळा आणि ध्वनिमुद्रणातला वेगळा. स्टुडिओत ठरावीक मोजके लोक. सकाळी एकाचं गाणं, दुपारी दुसऱ्याचं. लिहिलेली स्वरलिपी नाही, आकड्यांची एक खुणेची पद्धत असते, कागदावर एक-चार-पाच असं लिहिलेलं. तेवढ्यावर तासाभरात गाणं उभं करतात. आपल्याकडे जुन्या वादकांना एकदा चाल ऐकवली की ते तुकडे रचायचे, त्याच तोडीची हुशारी.

आता अ‍ॅलन जॅक्सनच्या तबकड्यांवर स्टील गिटार कुणाची? पॉल फ्रँकलिन. 'चॅटहूची'चा तो सुरुवातीचा गिटारचा तुकडा कुणाचा? ब्रेंट मेसन. आणि शनायाच्या 'द वुमन इन मी' आणि 'कम ऑन ओव्हर'वर कोण आहेत ते श्रेयनामावलीत बघा. पॉल फ्रँकलिन आणि ब्रेंट मेसन. हाच फ्रँकलिन ९१ साली डायर स्ट्रेट्स या रॉक बँडच्या 'ऑन एव्हरी स्ट्रीट'वर वाजवतो. म्हणजे पेडलस्टील काका ज्याला 'खरं' आणि 'खोटं' म्हणतात त्या दोन्ही ठिकाणी बोटं एकाच माणसाची आहेत. पुसली ती बाहेर पाठवायच्या आवृत्तीत.

माझ्या यादीत व्हिन्स गिल पहिला. गळा म्हणून. तार सप्तकात जाताना आवाज पातळ होतो पण चिरत नाही, आणि हरकती घेताना शब्द मोडत नाही. सीएमएने ९१ ते ९५ सलग पाच वर्षं त्याला सर्वोत्तम गायक ठरवलं, ते उगाच नाही. शिवाय गिटार अशी वाजवतो की मार्क नॉफ्लरने त्याला डायर स्ट्रेट्समध्ये बोलावलं होतं. गेला नाही.

'गो रेस्ट हाय ऑन दॅट माउंटन' त्याने कीथ व्हिटली हा गायक वारला तेव्हा, ८९ला, लिहायला घेतलं आणि सोडून दिलं. चार वर्षांनी स्वतःचा भाऊ गेला, तेव्हा पुरं केलं. ध्वनिमुद्रणात मागे पॅटी लव्हलेस आणि रिकी स्कॅग्ज आहेत. २०१३ला ज्येष्ठ गायक जॉर्ज जोन्सच्या अंत्यविधीला गिल आणि पॅटी हेच गाणं गायला उभे राहिले. गिलला मध्येच रडू फुटलं, शब्द निघेना. पॅटीने सूर धरून ठेवला आणि तो गिटारवर परत आला. ते चित्रण पाहा आणि मग पॅटीला कुठे ठेवायचं ते ठरवा.

डॅलसकर

तानपुरा, दंडवत. पॅटी माझ्या यादीत तिसरी होती, ती आता दुसरी. स्टिलवॉटरी, क्षमस्व, गार्थ तिसरा.

स्टिलवॉटरी

हा धागा मी बंद पाडणार आहे.

तानपुरा

ट्रिशावर कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ९७ला 'हाउ डू आय लिव्ह' एकाच दिवशी दोघींचं आलं, तिचं आणि पंधराही पुरी न झालेल्या लीॲन राइम्सचं. राइम्सचं बिलबोर्डच्या मुख्य यादीत ६९ आठवडे टिकलं. कंट्री स्टेशनांनी मात्र ट्रिशाचं उचललं. ग्रॅमीला दोघींना एकाच गाण्यासाठी नामांकन; रंगमंचावर गायली राइम्स, आणि बक्षीस मिळालं ट्रिशाला. दोन्ही एकामागून एक ऐका. राइम्स गाणं जिंकायला निघाली आहे. ट्रिशा प्रश्न विचारते आहे.

जुनी_कॅसेट

इथे सगळे 'नव्वदचं दशक' म्हणतायत जणू ते एकसंध होतं. माझ्या मते ते ९६ला मधोमध तुटलं.

त्या वर्षी अमेरिकेत दूरसंचार कायदा बदलला. आधी एका कंपनीला देशभरात किती रेडिओ स्टेशनं बाळगता येतील याला मर्यादा होती, ती गेली. क्लिअर चॅनलसारख्या कंपन्यांनी स्टेशनांची खरेदी सुरू केली आणि काही वर्षांत त्या एकट्या कंपनीकडे १२००च्या आसपास जमली. पूर्वी टेक्ससमधल्या लबक गावचा निवेदक लबकच्या लोकांना काय रुचतं ते बघून तबकडी लावायचा. आता यादी मुख्यालयातून यायची, छोटी आणि सगळीकडे एकच. धोका नको, म्हणून कडा घासलेली गाणी. फेथ हिल, टिम मॅग्रॉ यांचा उत्तरार्ध ऐका, फिडल कुठे कुठे गेलं ते कळेल. मला फेथचं 'धिस किस' आवडतं, पण ते ९१ला कंट्री रेडिओवर लागलंच नसतं.

जुन्या लोकांचं काय झालं? रेडिओने त्यांना केव्हाच अडगळीत टाकलं होतं. जॉनी कॅशने ९४ला नुसत्या गिटारवर 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' केला, तो रॉकवाल्या पोरांनी उचलला, कंट्री स्टेशनांनी नाही. ९८ला त्याला कंट्रीचं ग्रॅमी मिळालं तेव्हा त्याच्या निर्मात्याने बिलबोर्डमध्ये पानभर जाहिरात दिली: कॅशचा मधलं बोट दाखवणारा जुना फोटो, आणि वर नॅशव्हिलच्या मंडळींचे आणि कंट्री रेडिओचे उपरोधाने आभार.

आणि मग ९९चा सीएमए सोहळा. जॉर्ज जोन्सला 'चॉइसेस' गायला बोलावलं, पण म्हणाले, अर्धवट गा, वेळ नाही. ६८ वर्षांचा जोन्स. तो आलाच नाही. अ‍ॅलन जॅक्सन स्वतःचं गाणं गायला उभा राहिला, मध्येच वाद्यवृंदाने वळण घेतलं आणि त्याने 'चॉइसेस' सुरू केलं. थेट प्रक्षेपण चालू. गाणं संपवलं आणि सरळ निघून गेला. सभागृह उभं राहिलं.

डॅलसकर यांनी जॅक्सन पहिला लावला, कारण त्याच्या आवाजात नाटक नाही म्हणे. मी याच्यासाठी लावतो. ९४ला दुसऱ्या एका सोहळ्यात त्याला मुद्रित संगीतावर गायला लावलं होतं, तर त्याचा ड्रमवाला टिपऱ्यांशिवाय, नुसते हात हलवत वाजवत बसला, सगळ्या देशाला कळावं म्हणून. एकदा केलं तर झटका म्हणता येईल. पाच वर्षांनी पुन्हा केलं.

पेडलस्टील

कॅसेट, तुमच्याशी वाद नाही. एवढंच जोडतो की २०००ला 'मर्डर ऑन म्युझिक रो', नॅशव्हिलने जुनं कंट्री मारलं म्हणणारं गाणं, जॅक्सन एकटा गायला नाही. शेजारी स्ट्रेट होता. धाग्याच्या नियमाने एका वर्षाने हुकलं, ते माझं दुर्दैव.

सुरमई

धाडस म्हणून जॅक्सन पहिला, हे मला चालेल. पण ज्यांनी धाडस केल्यावर पुढचं कंत्राट गेलं असतं त्यांचं काय? जॅक्सन ९९ला इतका मोठा होता की कुणी त्याचं वाकडं करू शकत नव्हतं. पॅम टिलिससारख्या गायिकेने असं केलं असतं तर?

जुनी_कॅसेट

याला माझ्याकडे उत्तर नाही.

एमटीव्हीची_पिढी

सगळे गोरे, हे कुणाच्या लक्षात आलं का? टेक्ससमध्ये एवढी वर्षं मेक्सिकन आणि काळ्या लोकांमध्ये राहताय सगळे.

तानपुरा

आलंय. ९२च्या सुमारास क्लीव्ह फ्रान्सिस नावाचा एक काळा गायक लिबर्टी कंपनीने घेतला होता, गार्थचीच कंपनी. पेशाने हृदयरोगतज्ज्ञ, व्हर्जिनियात दवाखाना चालायचा. आवाज मऊ, स्वच्छ. दोन-चार वर्षांत रेडिओने दखल न घेतल्यावर तो परत रुग्णांकडे गेला. आपल्या मंडळींना डॉक्टर म्हटल्यावर तरी उत्सुकता वाटेल, म्हणून नाव दिलं; ऐका.

रॅलेची_पोर

हाय सगळ्यांना, मी इथे लहान आहे, जन्म २००१. नॉर्थ कॅरोलिनात वाढले, मराठी लिहिताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

माझ्या कॉलेजमध्ये सगळे नव्वदचं कंट्री ऐकतात, आमचे आईबाबा ऐकत नव्हते तरी. नवे लोक तसंच गायला लागलेत: झॅक टॉप ऐकला की तारीख बघावी लागते. २०१९ला ब्रूक्स अँड डनने आपली जुनी गाणी नव्या गायकांबरोबर परत केली, सुरुवातीलाच ल्यूक कोम्ब्ज आहे. पण गार्थ आम्हाला कळतच नाही, कारण तो स्पॉटिफायवर नाही! अ‍ॅमेझॉनवर जाऊन ऐकायचं म्हणजे कुणी ऐकत नाही. माझ्या मैत्रिणींना जो डिफी त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. 'पिकअप मॅन' लागलं की सगळी पार्टी गाते.

स्टिलवॉटरी

जो डिफी गार्थच्या वर. हे वाचायला मी जिवंत राहिलो.

मडगांवकार

डिफी बरोबर आहे हां! बिचारा कोविडच्या पहिल्याच लाटेत गेला, मार्च २०२०. त्याच्या नावाने २०२४ला सगळ्या नव्या पोरांनी मिळून एक अल्बम केला. आधी ओतकारखान्यात काम करायचा, ओक्लाहोमात. तुमचाच माणूस आहे की, स्टिलवॉटरी.

स्टिलवॉटरी

ओक्लाहोमाचा आहे म्हणून तर जास्त लागतंय.

बरं, रॅलेच्या मुली, तुझ्या घरी सीडी वाजवायचं यंत्र आहे का? नसेल तर कुणाच्या तरी जुन्या गाडीत असेल. 'नो फेन्सेस', १९९०. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये गाणं न बदलता. मग येऊन क्रमवारी सांग.

रॅलेची_पोर

बाबांच्या टोयोटात आहे. ऐकते. पण आधीच सांगते, पॅटी लव्हलेसच्या वर नाही जाणार तो.

सुरमई

ये गं ये, इकडे बस.

पेडलस्टील

पॅटी चालेल. पण माझी यादी मी अजून टाकलेलीच नाही. उद्या टाकतो, आणि त्यात मार्क चेस्नट पहिल्या पाचांत आहे. तयारीत राहा.

डॅलसकर

चेस्नट?! काका, नियम क्रमांक दोन. का, ते लिहायचंय.